शेवटचा हप्ता

कृत्रिम गर्भधारणेच्या दवाखान्यांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी २००८ साली केंद्रात एका विधेयकाचा मसुदा तयार झाला. दुसऱ्यासाठी मूल पोटात वाढवणाऱ्या बाईला, म्हणजे सरोगेट मातेला, पैसे कसे द्यायचे हेही त्यात लिहिलं होतं. तीन हप्ते, आणि त्यातले ७५ टक्के पहिल्याच हप्त्यात. दोन वर्षांनी मसुदा सुधारून आला. हप्ते तिनाचे पाच झाले आणि ७५ टक्क्यांचा हप्ता पहिल्या जागेवरून उचलून शेवटी नेऊन ठेवला गेला. बाळ जन्मल्यानंतर.

कागदावरचा बदल ओळ-दीड ओळीचा. पण ज्याने कधी ठेक्यावर काम केलंय त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पैसे आधी मिळाले तर काम फसण्याची जोखीम काम देणाऱ्याची. पैसे शेवटी मिळणार असतील तर ती काम करणाऱ्याची. इथे काम फसणं म्हणजे गर्भ न टिकणं, सातव्या महिन्यात पोटातच बाळ जाणं. सगळ्या सुया टोचून घेतल्यावर, घरदार सोडून राहिल्यावर हातात काय येणार, तर वरचे किरकोळ हप्ते.

यातला एकही मसुदा कायदा झाला नाही. व्यवसाय मात्र थांबला नव्हता. भारतात व्यावसायिक सरोगसीला कायद्याने कधी परवानगी दिली असं नाही. मनाई नव्हती, म्हणून २००२ च्या सुमारापासून ती उघडपणे सुरू होती. तिची जवळपास वीस वर्षं या एका हप्त्याच्या जागेवरून वाचता येतात.

काम नेमकं काय असतं

‘कूस भाड्याने देणं’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांनी रुळवला. त्यातून असं वाटतं की बाईने फक्त जागा दिली, बाकी सगळं आपोआप झालं. प्रत्यक्षात काय होतं ते जरा जवळून बघू.

आता चालते ती सरोगसी बहुतेक गर्भधारक प्रकारची असते. अंडं पालक होऊ इच्छिणाऱ्या बाईचं किंवा एखाद्या दात्या स्त्रीचं, शुक्राणू पुरुषाचे, दोन्हींचं मीलन प्रयोगशाळेत. तयार झालेला भ्रूण तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी सरोगेट बाईच्या गर्भाशयात सोडतात. दवाखान्याच्या भाषेत ‘ट्रान्सफर’. पण त्याआधी तिचं गर्भाशय तयार करावं लागतं. तिची स्वतःची पाळी औषधांनी थोपवायची, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी आतलं अस्तर वाढवायचं, ते सात-आठ मिलिमीटरपर्यंत आलं का हे सोनोग्राफीत मोजायचं, मग प्रोजेस्टेरॉन सुरू करायचं. हे प्रोजेस्टेरॉन बऱ्याचदा तेलात मिसळलेलं असतं आणि कमरेखाली स्नायूत टोचतात. तेल घट्ट, सुई जाड. रोज एक. आठवड्याभरात टोचल्या जागी गाठी धरतात, कुशीवर झोपता येत नाही, बाया गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसतात. दोन आठवड्यांनी रक्ताची ‘बीटा’ चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी सुया थांबत नाहीत. या बाईच्या बीजकोशातून अंडं सुटलेलंच नसतं, त्यामुळे गर्भ टिकवणारं संप्रेरक तिचं शरीर सुरुवातीला पुरेसं बनवत नाही. वार ते काम हाती घेईपर्यंत, म्हणजे दहा-बारा आठवडे, औषध बाहेरूनच द्यावं लागतं.

पुढचा धोका बाहेरून दिसत नाही. दुसऱ्या स्त्रीच्या अंड्यातून राहिलेल्या गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि हे प्रमाण स्वतःच्या अंड्यातल्या गरोदरपणापेक्षा जास्त असतं, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. त्यात एकाच वेळी दोन-तीन भ्रूण सोडण्याची पद्धत होती. एक तरी धरावा हा हिशेब. दोन्ही धरले तर जुळं, तिन्ही धरले तर एक कमी करण्याची प्रक्रिया. जुळ्यांची प्रसूती लवकर होते, बहुतेक वेळा सिझेरियनने. पोटावरचा तो टाका बाईच्या पुढच्या प्रत्येक बाळंतपणात सोबत असतो.

मे २०१२ मध्ये अहमदाबादेत एक सरोगेट आठव्या महिन्यात तपासणीला आली असताना कोसळली. तातडीने सिझेरियन झालं. बाळ वाचलं, ती गेली. या बातमीवर काही दिवस चर्चा झाली, पण अशा मृत्यूची नोंद सरकारदरबारी वेगळी ठेवावी असा नियम तेव्हा नव्हता. भारतात किती सरोगेट बाया दगावल्या, या प्रश्नाचं उत्तर देईल असं दफ्तरच कुठे उघडलेलं नव्हतं.

अकरा महिन्यांचा करार आणि नऊ महिन्यांचा

मुंबई-पुण्यात वन बीएचके भाड्याने घ्यायचा तर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार लागतो. तो नोंदवावा लागतो, अनामत ठरते, भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी लागते, नळ गळला तर दुरुस्ती कोणाची हेही त्यात असतं. एक प्रत मालकाकडे, एक भाडेकरूकडे.

कूस ‘भाड्याने’ देणाऱ्या बाईचा करार कसा होता? अभ्यासकांनी गुजरातेत आणि इतरत्र बायांशी बोलून जे नोंदवलं ते असं: करार बहुधा इंग्रजीत, सही किंवा अंगठा बाईचा, प्रत तिच्याकडे क्वचितच. कधी सही होईपर्यंत गर्भ तीन-चार महिन्यांचा झालेला असे. भ्रूण किती सोडायचे, सिझेरियन करायचं का, जुळ्यातलं एक कमी करायचं का, हे ठरवणारी माणसं दुसरीच.

समाजशास्त्रज्ञ अमृता पांडे यांनी गुजरातमधल्या सरोगेट बायांमध्ये अनेक वर्षं काम करून २०१४ मध्ये ‘वूम्ब्ज इन लेबर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या नोंदींत समुपदेशनाचं चित्र येतं. बायांना सांगितलं जाई की हे बाळ तुमचं नाही, त्याला राहायला घर नाही म्हणून तुम्ही नऊ महिने आसरा देताय. बायांचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. बीज कोणाचंही असो, वाढलं माझ्या रक्तावर, असं म्हणून त्या बाळाशी नातं जोडत आणि तरीही ठरल्याप्रमाणे ते सोपवत. त्यांचं काम पांडे यांनी श्रम म्हणून बघितलं. एकदा श्रम म्हटलं की मग मजुरी, कामाचे तास, इजेची भरपाई, तक्रार करायची जागा हे सगळे प्रश्न रांगेत उभे राहतात. भाडं म्हटलं की यातला एकही उभा राहत नाही.

अंडं निवडताना दात्या मुलीचा रंग, उंची, शिक्षण, कधी जातही विचारली जाई. कूस निवडताना यातलं काही लागत नसे, कारण बाळाच्या जनुकांत या बाईचा वाटा नव्हता. तंत्रज्ञानाने तिचं बीज वजा केलं आणि त्यामुळेच कुठल्याही गरीब बाईची कूस कुठल्याही श्रीमंत घराला चालू लागली. अमेरिकेत लाख डॉलरच्या घरात जाणारा खर्च इथे तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात भागे. दूध सोसायट्यांसाठी देशभर माहीत असलेल्या आणंदचं नाव परदेशी जोडप्यांच्या तोंडी या वेगळ्या कारणाने येऊ लागलं. २०१० च्या आसपास तिथल्या बाईच्या हाती साधारण तीन-चार लाख रुपये पडत. तिच्या घरची कित्येक वर्षांची कमाई एवढी ही रक्कम. म्हणून ‘फसवून आणलं’ एवढंच म्हणून भागत नाही. बऱ्याच बाया विचार करून आल्या होत्या: कर्ज फेडायचं, पक्कं घर बांधायचं, मुलांना चांगल्या शाळेत घालायचं. त्यांची निवड खरी होती, आणि पर्याय मोजून एक-दोनच होते हेही खरं होतं.

नियम म्हणाल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. एका बाईने आयुष्यात तीनपेक्षा जास्त वेळा सरोगेट होऊ नये असं त्यात होतं. पण ती बाई याआधी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या दवाखान्यात किती वेळा येऊन गेली हे तपासणार कसं? सूचना मोडली तर शिक्षा नव्हती. ऑगस्ट २००९ मध्ये विधी आयोगाने आपल्या २२८व्या अहवालात या धंद्याला पंचवीस हजार कोटींचा सोन्याचा हंडा म्हटलं आणि कायद्याची निकड सांगितली. हंडा भरत राहिला. मसुदे २००८, २०१०, २०१३, २०१४ असे फिरत राहिले.

बाळं अडकली तेव्हा

सरकार, न्यायालयं, वकिलाती या सगळ्यांना जाग आली ती बाळं सीमेवर अडकल्यावर.

एका जपानी जोडप्यासाठी आणंदमध्ये एक बाई गरोदर राहिली होती. जून २००८ मध्ये त्या जोडप्याचा घटस्फोट झाला, आणि जुलैच्या अखेरीस मुलगी जन्मली. अंडं निनावी दातीचं, त्यामुळे घटस्फोटित पत्नीला हे मूल नको होतं. सरोगेट बाईचं काम करारानुसार संपलं होतं. दातीचं नावच नव्हतं. आई म्हणता येतील अशा तीन बायका आणि जन्मदाखल्यात आईच्या नावापुढे कोरी जागा. वडिलांना मुलगी हवी होती, पण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देणं भारतीय कायद्यात बसत नव्हतं. जपानहून आजी आली आणि नातीजवळ राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबरमध्ये ती पोर जपानला पोचली.

त्याच वर्षी जानेवारीत आणंदमध्येच एका जर्मन जोडप्याची जुळी मुलं जन्मली. जर्मनीत सरोगसीला मनाई, त्यामुळे जर्मनी त्यांना आपलं मानेना. भारत म्हणे ही परदेशी. नोव्हेंबर २००९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सांगितलं की जन्म देणारी बाई भारतीय आहे, तेव्हा मुलं भारतीय. शेवटी आंतरदेशीय दत्तकविधानाची वाट काढून ती २०१० मध्ये, वयाच्या तिसऱ्या वर्षात, देशाबाहेर गेली. पुढे एका ऑस्ट्रेलियन जोडप्याने जुळ्यांतलं एकच मूल नेलं आणि दुसरं इथेच सोडलं, हे २०१४ मध्ये उघडकीला आलं.

मराठी प्रेक्षकांना हा विषय एव्हाना पडद्यावर भेटला होता. वकिली केलेल्या समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा चित्रपट २०१० सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्काराने गौरवला गेला. २०२१ चा हिंदी ‘मिमी’ त्यावरच बेतलेला. परदेशी पालक पाठ फिरवतात आणि खेड्यातली बाई ते गोरं पोर वाढवते, ही त्याची गोष्ट. खरी आई कोण, हा त्यातला प्रश्न डोळ्यांत पाणी आणतो. पण वर सांगितलेल्या एकाही प्रकरणात बाळ सोडायला सरोगेट बाईने नकार दिला नव्हता. भांडणं पालकांची होती, देशांची होती, कागदांची होती. खटल्यांच्या निकालात ती बाई एखाद-दुसऱ्या परिच्छेदापुरती येते आणि जाते.

दार लावलं, माल वळला

२०१२ मध्ये गृह मंत्रालयाने व्हिसाचा नियम बदलला. सरोगसीसाठी येणारे परदेशी लोक स्त्री-पुरुष जोडपंच हवेत आणि लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. एकट्या आणि समलिंगी पालकांना दार बंद झालं. धंद्याने वाट बदलली. नेपाळने तेव्हा नेपाळी बायांना सरोगेट व्हायला मनाई केली होती, पण परदेशी बायांना तिथे परवानगी होती. तेव्हा भारतीय बाया नेपाळला नेल्या जाऊ लागल्या. पालक इस्रायलचे, बाई भारताची, बाळंतपण काठमांडूत.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला. इस्रायलने विमानं पाठवून दोन डझनांवर तान्ही बाळं सुखरूप नेली. जगभर ते फोटो छापून आले: आवरणात गुंडाळलेली बाळं आणि त्यांना छातीशी धरलेले पालक. ती बाळं जिच्या पोटातून आली ती बाई फोटोत नव्हती. त्यातल्या काही बायांचे टाकेही सुकले नसतील. त्याच वर्षी नेपाळने आणि थायलंडनेही परदेशी लोकांसाठी हे दार बंद केलं. व्यवसाय कंबोडियाकडे सरकला. २०१६ मध्ये तिथे बंदी आली आणि २०१८ मध्ये पोलिसांनी पकडलं कोणाला, तर तीसहून अधिक गरोदर बायांना. मग युक्रेन, जॉर्जिया. जिथे बंदी येते तिथून दवाखाना, दलाल आणि पालक विमानाने पुढे जातात. मागे उरते ती बाई.

कायदा आला

भारताने नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी पालकांसाठी सरोगसी बंद केली. पुढे काही वर्षं विधेयक संसद, समित्या आणि पुन्हा संसद असं फिरलं. सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ हा जानेवारी २०२२ पासून लागू झाला.

त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: पैसे घेऊन सरोगसी हा गुन्हा. दवाखान्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. परवानगी आहे ती परोपकारी सरोगसीला, म्हणजे बाईला औषधपाण्याचा खर्च, ठरवून दिलेले इतर खर्च आणि विमा एवढंच मिळेल. ती २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली किंवा होऊन गेलेली, स्वतःचं मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच. पालक विवाहित जोडपं, पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वर्षांचा. किंवा ३५ ते ४५ वयाची विधवा अथवा घटस्फोटित स्त्री. अविवाहित, लिव्ह-इनमधले आणि समलिंगी लोक बाहेर.

यात चांगलं बरंच आहे, ते मान्य करायला हवं. भ्रूण एकच सोडायचा, विशेष कारण असेल तरच तीनपर्यंत. गर्भ राहावा म्हणून तीनच प्रयत्न. बाईचा विमा ३६ महिन्यांचा. भ्रूण सोडण्याआधी तिला नाही म्हणण्याचा हक्क. मूल कोणाचं हे दंडाधिकारी आधीच ठरवून देणार, म्हणजे जन्मदाखल्यातली ती कोरी जागा आता राहणार नाही.

अडचण पैशांच्या कलमात आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. या व्यवहारात डॉक्टरला फी मिळते, वकिलाला मिळते, रुग्णालयाचं बिल चुकतं होतं, जोडप्याला मूल मिळतं. मग फुकट राबायचं ते नेमकं गर्भ वाहणाऱ्या बाईने का? समितीने वाजवी मोबदल्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. विधेयकाच्या पूर्वीच्या रूपात तर सरोगेट ही जवळची नातेवाईकच हवी होती. आपल्या घरांत धाकट्या जावेला किंवा नणंदेला ‘तुझी तयारी आहे ना?’ असं सगळ्यांदेखत विचारलं तर तिचं उत्तर किती मोकळं असेल, हे आपल्याला सांगावं लागत नाही. ती अट राज्यसभेच्या निवड समितीने काढून ‘इच्छुक स्त्री’ असा शब्द आणला. पण अनोळखी बाईने अनोळखी जोडप्यासाठी नऊ महिने, सुया, टाके आणि जिवाची जोखीम विनामोबदला पत्करावी, हे घडतं कितीदा? घडत नाही तेव्हा पैसे हातोहात जातात, आणि असे पैसे बुडले तर ती पोलिसांकडे जाऊ शकत नाही. कागदावर तो व्यवहारच गुन्हा असतो.

जुलै २०२५ मध्ये हैदराबादेत उघडकीला आलेलं प्रकरण याचं पुढचं टोक दाखवतं. एका जोडप्याकडून सरोगसीच्या नावाखाली सुमारे ३५ लाख घेतले गेले आणि बाळ सोपवलं गेलं. शंका आली म्हणून डीएनए तपासला, तर बाळाचा दोघांशीही संबंध नाही. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते एका गरीब जोडप्याकडून ९० हजारांना घेतलेलं होतं. सरोगसी तिथे झालीच नव्हती.

दुसऱ्या वाटाही आहेत. ब्रिटनमध्ये १९८५ पासून व्यावसायिक सरोगसीला बंदी आहे, पण वाजवी खर्च देता येतो आणि जन्मानंतर निदान सहा आठवडे उलटेपर्यंत बाईची पालकत्वाला दिलेली संमती ग्राह्य धरत नाहीत. आपल्याकडेही अशा वाटेची एक लहानशी खूण दिसते. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेतल्या एका कर्मचारी स्त्रीला सरोगसीतून झालेल्या बाळासाठी प्रसूती रजा मंजूर केली. ती रजा पालक आईची. जून २०२४ मध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांचे नियम बदलले आणि पालक आईबरोबर सरोगेट स्त्रीलाही १८० दिवसांची रजा दिली. नऊ महिने पोट वाहून मोकळी झालेली बाई बाळंतीणच असते, हे निदान रजेच्या फॉर्मवर तरी आलं. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या किती बाया सरोगेट होतात, तो भाग वेगळा.

२००८ च्या मसुद्यात मोठा हप्ता पहिला होता. २०१० मध्ये तो शेवटी गेला. २०२१ मध्ये हप्तेच काढून टाकले आणि त्या जागी विमा ठेवला. ३६ महिन्यांच्या त्या विम्याची पॉलिसी कोणत्या भाषेत आहे, तिची एक प्रत बाईच्या ट्रंकेत आहे का, आणि बाळ देऊन ती गावी परतल्यावर दुसऱ्या वर्षी टाक्याखाली दुखू लागलं तर तिने फोन कोणाला करायचा, एवढं जरी प्रत्येक जिल्ह्यात विचारलं गेलं, तरी कायदा तिच्यापर्यंत पोचला की नाही ते कळेल.